गाठ, आकडा आणि पाणी

भाद्रपदात जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला गेलात, तर मिरचीच्या बाजारातली झुंबड मागे टाकून थोडं शिवारात चला. विहिरीवर वाकलेली एखादी बाभूळ गाठा आणि वर बघा. फांद्यांच्या टोकांना गवताचे लांबट भोपळे लोंबताहेत, वाऱ्यावर हेलकावे खाताहेत, आणि त्यांच्या अवतीभवती पिवळ्या डोक्याच्या पाखरांची नुसती लगबग चाललीय. ही सुगरणीची घरटी. लहानपणापासून पाहत आलो, म्हणूनच नीट कधी पाहिली नाहीत.

आज नीट पाहू या. कारण मला तुम्हाला कागदाचा पक्षी कसा होतो ते सांगायचंय. घडी घालून केलेला नव्हे. हातकागदाचा, अंबाडीच्या वाखाचा, केळीच्या सोपटाचा पक्षी. ज्याच्या पंखाला हात लावताना आपलं बोट आपोआप हलकं होतं, असा. त्याची पहिली शिकवणी या बाभळीखालीच आहे.

पहिला धक्का नावातच बसतो. सुगरण म्हणून आपण या पाखराला बाईमाणूस करून टाकलं. इथून डोंगर उतरलं की खानदेश; तिथल्या बहिणाबाईंनी तिच्या खोप्याचं केलेलं कौतुक अवघ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण घर विणतो तो नर! मादी येते ती पाहणीला.

त्याची रीत बघा. उसाचं, भाताचं नाहीतर शिंदीचं हिरवं पातं तो निवडतो. पात्याच्या कडेला चोचीने एक खाच पाडतो. खाचेपाशी कड घट्ट पकडतो आणि सरळ उडतो. झालं! त्याच्या उडण्याच्या झटक्यानेच पात्याची पट्टी टर्रकन सोलून निघते, २० ते ६० सेंटिमीटर लांब. कात्री नाही, विळा नाही. उडणं हेच अवजार.

एका घरट्यासाठी अशा ५०० पर्यंत खेपा होतात. पहिली पट्टी पायाखाली दाबून फांदीला वेढे घालायचे, टोक खालून ओवून वर काढायचं, ओढायचं. मग त्या गाठीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. साधारण आठ दिवसांत शिरस्त्राणासारखा अर्धा घुमट तयार होतो. इथे काम थांबतं. माद्या येतात, आत शिरतात, घर पारखतात. एखादीला पसंत पडलं तर पुढची बोगद्यासारखी वाट विणायची. सगळं घर व्हायला १८ दिवसांच्या आसपास लागतात. पसंत पडलं नाही तर ते तसंच सोडून नवं घर सुरू! १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सालिम अली सुगरणींच्या वसाहतीवर नजर ठेवून बसले, तेव्हा आणखी एक गंमत त्यांच्या ध्यानात आली. एका घरात मादी नांदू लागली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घर विणायला घेतो, दुसरीसाठी.

पण मला सगळ्यात थक्क करते ती वेगळीच गोष्ट. आफ्रिकेत सुगरणीचे भाऊबंद आहेत. कोलियास नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञ दांपत्याने त्यांच्या पिल्लांना लहानपणी विणायला काही मिळूच दिलं नाही. पुढे मोठेपणी त्यांच्यापुढे पाती ठेवली, तर त्यांना इतरांसारखं विणता येईना. म्हणजे विणकाम नुसतं रक्तात असून भागत नाही. हात बसावा लागतो, नव्हे, चोच बसावी लागते! कोवळ्या नरांची पहिली घरटी ओबडधोबड, विस्कटलेली असतात. कोणत्याही शिकाऊ कारागिराच्या पहिल्या कामासारखीच.

डिंक नाही, खिळा नाही. ओल्या पात्यांच्या गाठी वाळतात, आवळतात आणि पावसाळाभर पिल्लांचं ओझं पेलतात. एकेक पातं पोरसुद्धा तोडेल इतकं नाजूक. पण सगळ्यांनी मिळून एकमेकांना धरलंय. ही झाली धरून ठेवण्याची पहिली युक्ती: गाठ.

दुसरी युक्ती त्याच बाभळीखाली पडलेली असेल. गळालेलं एखादं पीस उचला. पात्यावर बोट उलटं फिरवा, म्हणजे ते फाटल्यासारखं दिसेल. आता दोन बोटांत धरून सुलटं ओढा. फाटलेलं जुळलं! ही जादू आपण सगळ्यांनी शाळेच्या दप्तरातल्या पिसावर केलीय, पण ते जुळलं कसं? पिसाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक काड्या असतात. प्रत्येक काडीला त्याहून बारीक उपकाड्या. आणि एका बाजूच्या उपकाड्यांना चक्क आकडे असतात, जे शेजारणीच्या उपकाड्यांत अडकतात. पँटची चेन लावतो ना, तसंच. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पीस धरलं आणि आपल्या ग्रंथात या बारकाईचं वर्णन केलं. पक्षी चोचीने पिसं साफ करत बसलेला दिसतो, तेव्हा तो दिवसभराच्या उसवलेल्या चेना लावत असतो.

गाठ झाली, आकडा झाला. तिसरी युक्ती मात्र डोळ्यांना दिसतच नाही. त्यासाठी बांधावर जाऊ या.

बांधावर अंबाडी उभी असते. कोवळ्या पाल्याची भाजी आपण भाकरीबरोबर खातो. झाड वाढलं की कापून पेंढ्या ओढ्यात भिजत घालतात, वर दगड ठेवतात. पंधरवड्यात त्या पाण्याला असा वास सुटतो की वाटसरू नाकाला पदर लावतो. काय चाललेलं असतं तिथे? सालीतल्या तंतूंना झाडाने पेक्टिन नावाच्या खळीने चिकटवून ठेवलेलं असतं. पाण्यातले सूक्ष्म जीव ती खळ खाऊन टाकतात, पण तंतूंना फारसे शिवत नाहीत. लाखो न दिसणारे मजूर फुकटात साल सोडवून देतात! मग पेंढ्या झोडपायच्या, धुवायच्या, आणि हातात येतो तो लांबसडक, सोनेरी वाख. पोळ्याला बैलाच्या गळ्यात पडणारं नवं दावं याच वाखाचं.

दोरखंड वळलं की आपण थांबतो. कागद करणारा थांबत नाही. तो वाख तोडतो, शिजवतो आणि कुटतो. कुटत राहतो. का? तर प्रत्येक तंतू म्हणजे आतून हजारो सूक्ष्म धाग्यांची जुडी. कुटल्यावर तिचं अंग पिंजलं जातं, दोरीचं टोक पिंजलं जावं तसं, आणि चहूबाजूंनी बारीक केस सुटतात. आता हा लगदा भरपूर पाण्यात सोडा, ढवळा आणि जाळीने अलगद उचला. पाणी गळून जातं. जाळीवर उरते एक ओली साय. ती वाळली की कागद.

थांबा. इथेच तर सगळा चमत्कार आहे. ती साय वाळल्यावर भुगा का होत नाही? तिला धरून कोण ठेवतं?

झाडाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे साखरेची माळ. ग्लुकोजचे मणी हजारोंनी एका ओळीत ओवलेले. या मण्यांना हात असतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोड्यांचे, आणि समोर तसाच हात दिसला की तो धरायला ते उत्सुक असतात. तंतू पाण्यात असताना हे हात पाण्याच्या रेणूंनी अडवलेले असतात. पाणी आटू लागलं की ते जाता जाता तंतूंना जवळ ओढतं. न्हाल्यावर ओल्या केसांच्या बटा कशा चिकटतात, तसं. शेवटचा थेंब उडून जाताना दोन तंतू इतके जवळ येतात की त्यांचे हात थेट एकमेकांत गुंततात. पाणी लग्न जुळवतं आणि मांडवातून निघून जातं! एकेक पकड अगदी दुबळी. पण चिमूटभर कागदात अशा पकडी किती असतील, मोजायला आकडे पुरणार नाहीत.

म्हणून तर कागद भिजला की लेचापेचा होतो. पाणी परत आलं की ते मधे शिरून हात सोडवतं. आणि म्हणूनच ओला हातकागद वाटीवर, भोपळ्यावर, दगडावर दाबून वाळवला की तो त्या आकाराचा होऊन बसतो. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. रद्दी भिजवायची, कुटायची, त्यात मेथीचं पीठ मिसळायचं, पालथ्या घागरीवर थापायचं. वाळलं की लगद्याची टोपली तयार, धान्य ठेवायला. कागदी पक्ष्याची फुगीर छाती याच रीतीने होते, फक्त घागरीच्या जागी पाखराच्या बेताचा साचा.

हातकागदासाठी आपल्याला दूर जायला नको. संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागा, दौलताबादचा किल्ला ओलांडा, की कागजीपुरा येतं. नावातच धंदा. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, त्या काळात इथे कागदाचे कारागीर वसले असं सांगतात. दौलताबादी कागद पुढे दूरदूर गेला. मोडी दफ्तरांच्या अभ्यासकांना तो चांगला परिचयाचा आहे.

त्या कागदाचा कच्चा माल होता चिंध्या. जुन्या धोतरा-लुगड्यांच्या सुती चिंध्या! यात काय विशेष? जालन्याच्या कोणत्याही शेतातून बोंडातला एक धागा काढून बघा. दोन-तीन सेंटिमीटरचा तो धागा म्हणजे एक पेशी. हो, एकच. सरकीच्या सालीवरची एक पेशी लांबत लांबत इतकी होते, की ती नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि चिमटीत धरता येते. गिरणीच्या कागदातला लाकडाचा तंतू तिच्यापुढे काहीच नाही, एक ते तीन मिलिमीटर. शिवाय यंत्रावर लगदा एका दिशेने धावतो, त्यामुळे तंतूही बहुतेक त्याच दिशेला लोळतात. वर्तमानपत्र उभं फाडा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. हातकागदात जाळी हलवून उचललेली असते, म्हणून तंतू वाटेल तसे पसरतात आणि गुंततात. फाडलं तर कड लोकरीसारखी केसाळ निघते. पाखराच्या पोटावरची लव दाखवायला याहून चांगलं काय हवं!

जुन्या कारागिरांची जाळीही पाहण्यासारखी. गवताच्या सडपातळ काड्या शेजारी शेजारी ठेवून घोड्याच्या केसांनी गुंफलेली चटई. तिच्यावर उचललेला ओला ताव चुन्याने घोटलेल्या भिंतीवर ब्रशने चिकटवायचा. वाळला की खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे शाई फुटत नाही. अशा जुन्या कागदाचा एखादा तुकडा कधी हाती आला तर उजेडापुढे धरा. आत बारीक समांतर रेघा दिसतील. त्या रेघा म्हणजे त्या चटईतल्या गवताच्या काड्या. गवत कधीच कुजून गेलं, त्याची सावली कागदात राहिली.

आता रंगाकडे वळू, कारण पक्षी म्हटला की रंग आलाच. सगळ्यात सोपा बगळा, पांढऱ्या कागदाचा. सोपा? कागद पांढरा का असतो, सांगा बघू! सेल्युलोज तर काचेसारखं रंगहीन आहे. पण कागदात तंतूंच्या मधे असंख्य हवेच्या पोकळ्या असतात. उजेड आत शिरतो, तंतूवरून हवेत, हवेतून तंतूवर असा टप्पे खात भरकटतो आणि सगळ्या रंगांसकट परत बाहेर येतो. तो आपल्याला पांढरा दिसतो. पटत नसेल तर भजी बांधून आणलेला कागद आठवा. तेल पोकळ्यांत भरलं, टप्पे बंद झाले, कागद आरपार दिसू लागला.

आणि बगळ्याचं पीस? त्यातही पांढरा रंग औषधालासुद्धा नाही. तिथेही पारदर्शक द्रव्य आणि हवा, आणि उजेडाचा तोच खेळ. कागदाचा पांढरेपणा आणि बगळ्याचा पांढरेपणा ही एकाच घरची गोष्ट आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ हातातल्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिलो होतो.

नीळकंठ याच्याही पुढे जातो. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो चास पक्षी तारेवर बसलेला मातकट दिसतो आणि उडाला की पंखांतून निळाई उधळतो. ती निळाई रंगाची नाहीच! पिसाच्या आत हवेच्या पोकळ्यांची जाळी आहे, आणि त्यांच्यातलं अंतर इतकं मोजकं आहे की निळा उजेड तेवढा परत फिरतो. ते पीस कुटून भुकटी केली तर निळा रंग नाहीसा होतो. कागदात पोकळ्या गबाळ्या पसरल्या आहेत म्हणून पांढरं, इथे शिस्तीत मांडल्या आहेत म्हणून निळं. कागदावर ही शिस्त हाताने आणता येत नाही, म्हणून कलावंत निळीच्या झाडाकडे जातो. भारद्वाजाच्या तांबूस पंखांना कांद्याच्या टरफलांचा काढा चालतो, सुगरणीच्या टोपीला हळद.

मग पिसं. कोलंबियात जन्मलेल्या डायना बेल्ट्रान हेरेरा, आपल्याकडच्या निहारिका राजपूत असे कलावंत एकेक पीस वेगळं कापून, त्याच्या कडेला कात्रीने काड्या काढून, अंगावर कौलांसारखं रचत जातात. शेपटीकडून सुरुवात आणि डोक्याकडे शेवट, कारण खऱ्या पक्ष्यातही पुढचं पीस मागच्यावर पडतं. पाऊस निथळून जातो. तंतू वापरायचे तर त्यांचे स्वभाव ओळखावे लागतात. केकताडाचा वाख ताठ, तो दांड्याला. केळीच्या सोपटाचा धागा रेशमासारखा चकाकतो, तो मानेला. अंबाडी दोन्हींच्या मधली. ओल्या तावात अंथरली तर कागद तिला आपल्यात ओढून घेतो, डिंकाशिवाय. तेच पाण्याचं लग्न, दोन झाडांमधलं.

मला यात आपल्या भाषेचं फार नवल वाटतं. संस्कृतात पत्र म्हणजे झाडाचं पान, पत्र म्हणजे पक्ष्याचं पीस, आणि पत्र म्हणजे लिहिलेला कागदही. पर्ण म्हणजे पान, पर्ण म्हणजे पंखही. म्हणून गरुड हा सुपर्ण. पत्र या शब्दाच्या मुळाशी धातू आहे पत्, उडणं आणि पडणं. हातकागदाचा पक्षी करणारा माणूस पत्रावर पत्र रचून पत्र घडवत असतो, आणि भाषेने ते आधीच एका शब्दात घालून ठेवलंय.

पिंपळगावच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर. त्यातल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंसाची जातककथा रंगवलेली आहे. हंसांचा राजा फाशात अडकतो, बाकीचा थवा उडून जातो, पण त्याचा एक सोबती त्याला सोडायला तयार होत नाही; ते पाहून पारध्याचंच मन विरघळतं. हे चित्र पाचव्या शतकातलं. ते दगडावर काढलंय असं वाटतं ना? नाही! दगडावर आधी मातीचा गिलावा आहे, आणि त्या मातीत भाताचा तूस, गवत, झाडांचे तंतू कालवलेले आहेत, चिरा पडू नयेत म्हणून. आपण कुडाच्या भिंतीला लावतो तसाच. म्हणजे अजिंठ्याचे हंससुद्धा वनस्पतीच्या तंतूंवरच उतरलेले आहेत.

या तंतूंची एक चुटपुट लावणारी कहाणी आहे. वेरूळच्या गिलाव्याचे नमुने तपासले तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. संशोधकांच्या मते त्या भांगेमुळेच वेरूळचा गिलावा किड्यांपासून वाचला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथली कितीतरी चित्रं किड्यांनी पोखरली. किती छोटी गोष्ट! मातीत कोणती काडी मिसळली, एवढ्यावर हंसाचा पंख राहिला की गेला.

आता शेवटचं, आणि हे घरी करून बघण्यासारखं आहे. दिवाळी सरली की सुगरणींची घरटी रिकामी होतात. वाऱ्याने खाली पडलेलं एखादं, पूर्ण ओसाड असलेलं, उचलून आणा. झाडावरचं तोडू नका. तिथे पुढे दुसरं पाखरू निजायला येतं. घरटं झटका, कात्रीने बारीक करा, चुलीची राख घातलेल्या पाण्यात तीन-चार तास उकळा, चांगलं धुवा आणि उखळात कुटा. हात भरून येतील, तरी कुटा. परातभर पाण्यात ढवळून पिठाच्या चाळणीने अलगद उचला, सुती कापडावर पालथं घाला, दाबून पाणी काढा आणि उन्हात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कड आपोआप सुटलेली असेल. ती धरून ओढा. खाकी, खरबरीत, हाताला ऊबदार असा तळहाताएवढा कागद निघेल. गाठीने धरलेलं घर आता पाण्याने धरलेलं आहे. उन्हापुढे धरलात तर चाळणीच्या जाळीचे चौकोन दिसतील, आणि मधे कुठेतरी उखळातून निसटलेला पट्टीचा एखादा तुकडा. त्याचं टोक नीट पाहा. तिथे कदाचित एक लहानशी खाच असेल, चोचीने पाडलेली.